विषय: बेसा येथील घराच्या स्विमिंग पूलची गळती: सल्ला हवा आहे

मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

नागपूरला बेसा भागात आमचे घर असून तेथे आई-बाबा दोघेच राहतात. अंगणात आठ मीटर लांब व चार मीटर रुंद असा तलाव आहे (बाबा त्याला अजूनही ‘टाकं’च म्हणतात). गेल्या महिन्यापासून त्याचे पाणी रोज दोन बोटे उतरते, असे त्यांचे म्हणणे आहे. पाहणीला आलेल्या ठेकेदाराने तलावात न उतरताच निदान केले, की वॉटरप्रूफिंग संपले आहे. पाऊस सुरू होण्यापूर्वी तलाव पूर्ण रिकामा करून सगळ्या टाइल्स काढाव्या लागतील. मृग लागला आहे, त्यामुळे तो घाई करतो आहे. इतक्या दूरवरून होकार द्यावा की थांबावे, हे मला समजत नाही. नागपूरच्या जमिनीचा अनुभव असलेल्या कोणी मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन.

—

उत्तर:

ताई, नमस्कार.

माझी उमेदीची वर्षे नागपुरात बांधकामावर गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. ठेकेदाराला आज होकार देऊ नका. टाइल्स काढाव्या लागतील की नाही हे नंतर ठरेल. परंतु पावसाच्या तोंडावर तलाव रिकामा करणे ही गळतीपेक्षा मोठी जोखीम आहे. तुमच्याकडची माती काळी असेल, तर ती पाणी पिऊन फुगते आणि ते पाणी लवकर सोडत नाही. अशा वेळी भोवतालचे पाणी रिकाम्या तलावाला खालून वर रेटते. भरलेल्या तलावात आतल्या पाण्याचे वजन तो रेटा पेलते, पण रिकाम्यात तळाला तडा जातो किंवा अख्खा तलाव उचललाही जातो. टाइल्सचे काम डिसेंबर-जानेवारीत, जमिनीतले पाणी ओसरल्यावर करावे.

आता मोजमाप. नागपूरच्या उन्हात आणि झळांत रोज एक सेंटीमीटरच्या आसपास पाणी नुसते उडून जाऊ शकते. तुमच्या तलावाचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर, म्हणजे एक सेंटीमीटरला ३२० लिटर. ‘दोन बोटे’ म्हणजे साडेतीन सेंटीमीटर धरले, तर रोज हजार लिटरची एक टाकी रिकामी होते; ते केवळ उन्हाचे काम नव्हे. पण बोटांनी मोजू नये. तलावाच्या पायरीवर प्लास्टिकची बादली ठेवावी, ती तरंगू नये म्हणून आत वीट घालावी, बादलीत तलावाइतक्याच पातळीपर्यंत पाणी भरावे आणि आतबाहेर खूण करावी. पाणी आपोआप भरणारा बॉल कॉक बंद करावा, कारण गळती महिनोन्‌महिने लपवून ठेवण्याचे काम तोच करतो. कोणी पोहू नये. पंप बंद ठेवून २४ तास आणि चालू ठेवून २४ तास, अशा दोन नोंदी घ्याव्यात. मध्ये सर आली तर मोजणी पुन्हा करावी.

बादलीतले पाणी फक्त उन्हाने उतरते; म्हणून बादलीत आणि तलावात ते सारखेच उतरले, तर काळजी नाही. पंप चालू असताना तलावाचे पाणी बरेच जास्त उतरले, तर पंपाकडून तलावात पाणी परत आणणाऱ्या पाइपवर संशय घ्यावा. बॅकवॉशचे (फिल्टर उलटे पाणी सोडून धुण्याच्या वाटेचे) पाणी नालीत सतत झिरपत नाही ना, हेही पाहावे. पंप चालू असो वा नसो, फरक तेवढाच राहिला, तर दोष बहुधा भिंतीत, तळात किंवा स्किमर (वरचे पाणी व कचरा ओढून घेणारे तोंड) आणि दिव्याच्या खोबणीसारख्या जोडांत असतो. तेथे पंप बंद करून, पाणी निथळ झाल्यावर, जिलबीत घालतात तो खाण्याचा रंग सिरिंजने हळूच सोडावा. गळतीच्या जागी तो रेघ होऊन आत ओढला जातो. पाण्यात उतरण्यापूर्वी दिव्याची वीज मेनमधूनच बंद करावी. यात हयगय नको, आणि बाबांनी स्वतः उतरू नये.

टाइल्सवर लाकडी दांड्याने ठोकून पोकळ आवाज कोठे येतो तेही पाहावे. मात्र पोकळ टाइल म्हणजे गळती नव्हे.

—

प्रत्युत्तर:

काका, मनःपूर्वक आभार. पाऊस येण्यापूर्वी शेजारच्या मुलाने दोन्ही नोंदी घेतल्या. पंप बंद असताना बादलीत ९ मिलिमीटर आणि तलावात २४. पंप चालू असताना ९ आणि २५. म्हणजे उन्हाचा वाटा वजा जाता रोज सुमारे ५०० लिटर. मेन बंद करून रंग सोडला, तेव्हा दिव्यामागे जेथून वायरची नळी भिंतीत जाते, तेथे तो सरळ आत गेला. स्किमरपाशी तसाच तरंगत राहिला. ठेकेदाराला तूर्त नाही म्हणून कळवले आहे. ही नळी पाण्याखाली लागणाऱ्या इपॉक्सी पुट्टीने बुजवता येईल का, आणि ते काम इलेक्ट्रिशियनकडे द्यावे की तलाववाल्याकडे?

—

उत्तर:

बुजवता येईल. आधी इलेक्ट्रिशियनकडून त्या दिव्याची वायर आणि अर्थिंग तपासून घ्या, कारण इतके दिवस पाणी त्याच नळीतून वाहते आहे. पुट्टी त्यानंतर तलाववाल्याने भरावी. तोवर दिवा लावू नका. पुट्टी वाळली की बादली पुन्हा ठेवा आणि आकडे कळवा.