खाडीतल्या काँक्रीटचं वय संगणकाला विचारायचं का?

ऐरोलीकर
मत मांडतो, झोडपायला मोकळे आहात. ठाणे खाडीलगतच्या प्रत्येक मोठ्या बांधकामात काँक्रीटचं मिक्स (कशाचं किती प्रमाण) ठरवण्याआधी संगणकावरचं सिम्युलेशन सक्तीचं करा. अटल सेतू २०२४ मध्ये सुरू झाला, त्याचं आयुर्मान १०० वर्षं धरलंय. १०० वर्षं थांबून कोणी पाहिलंय? आकडा गणितातूनच येतो, मग ते गणित तळापासून का करू नये? घट्ट झालेल्या सिमेंटच्या जेलमधल्या नॅनोमीटरभर फटींत क्लोराइड (खाऱ्या पाण्यातला, सळई गंजवणारा) कसा सरकतो ते अणूंच्या पातळीवर बघायचं. मग मायक्रॉनमधली छिद्रं, मग खडी-वाळूसकट तुकडा, शेवटी अख्खा खांब. खालचा निकाल वरच्या पायरीला द्यायचा. एका दमात हे होत नाही, कारण अणूंचं सिम्युलेशन साधारण १ फेम्टोसेकंदाच्या पावलांनी चालतं. खरा १ सेकंद गाठायचा तर १ वर १५ शून्यं इतकी पावलं!

वागळे_लॅब
आणि वर दिलेला आकडा जुळला नाही की काय करता, तेही सांगा की. आमच्याच रिपोर्टमधला उचलून बसवता. मग खालच्या तीन मजल्यांचं भाडं कशाला भरायचं? आम्ही १०० मिमी व्यासाची, ५० मिमी जाडीची चकती कापतो, व्हॅक्यूममध्ये पाणी पाजतो, ६० व्होल्ट लावतो आणि ६ तासांत किती कूलॉम, म्हणजे किती विद्युतभार, आरपार गेला ते मोजतो. जास्त गेला तर क्लोराइडही सहज शिरणार. विषय संपला.

ऐरोलीकर
खाडीत ६० व्होल्ट कोण लावतं हो? ६ तासांवरून दशकांबद्दल बोलायचं, म्हणजे तुमची चकतीही मॉडेलच, फक्त ओली. शिवाय कॅल्शियम नायट्राइट (गंज रोखणारं रसायन) घातलेल्या काँक्रीटला ही चाचणी उगाच नापास करते, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

कव्हरब्लॉक
दोघंही एसीत बसून भांडताय. साइटवर या एकदा. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे भरती-ओहोटीच्या पट्ट्यात कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, ७५ मिमी. सळयांचा पिंजरा उतरवताना हे अंतर राखणारा ब्लॉक सरकतो, व्हायब्रेटरवाला नीडल सळईलाच टेकवतो, इंजिनीअर नेमका चहाला गेलेला असतो. ७५ चे ६० झाले. क्लोराइडला सळईपर्यंत पोचायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गावर जातो, म्हणजे उरला ६४ टक्के. तुमच्या १०० वर्षांची ६४ झाली आणि एकाही अणूला पत्ता नाही.

वागळे_लॅब
कव्हरब्लॉक +१००

ऐरोलीकर
हे ६४ टक्के मोजलेत कुठे? पदार्थ कसा पसरत जातो ते सांगणाऱ्या फिकच्या नियमातूनच काढलेत ना? साक्षीदार माझाच निघाला की!

कव्हरब्लॉक
फिकचा नियम १८५५ चा. त्याला सुपरकॉम्प्युटर लागत नाही, मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरतो.

निवांत_नेरूळ
पॉपकॉर्न घेऊन बसलोय, पण एक नोंद करतो. २०१३ चं रसायनशास्त्राचं नोबेल अशाच बहुस्तरीय मॉडेलना मिळालंय: कार्प्लस, लेविट, वॉर्शेल.

वागळे_लॅब
नेरूळकर, ते एन्झाइमसारख्या रेणूंचं काम. तिथे क्रिया कुठे घडते ते ठिकाण ठाऊक असतं. तेवढ्या मोजक्या अणूंना क्वांटमचं गणित लावायचं, बाकीच्यांना साधे नियम. काँक्रीटमध्ये तडा कुठे जाणार हेच आधी कळत नाही. क्वांटम कुठे लावणार? पूर्ण सायन-पनवेल हायवेला?

ऐरोलीकर
म्हणून खाली बघायचंच नाही? स्फटिकाची कागदावर काढलेली ताकद आणि प्रत्यक्षातली ताकद यात प्रचंड तफावत यायची. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलानी यांनी वेगवेगळं काम करून सांगितलं की अणूंच्या रांगांतला दोष, म्हणजे डिसलोकेशन, सरकतो म्हणून धातू इतक्या सहज वाकतो. वायर ओढून ओढून ताकद किती तेवढं कळलं असतं, का ते नाही. जीजीबीएस (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची पूड) घातलं की क्लोराइड का अडतो हाही तसाच प्रश्न. कारण कळलं तर नवं मिक्स अंधारात दगड न मारता ठरवता येईल.

कव्हरब्लॉक
कारण कळू दे, आनंद आहे. माझा आक्षेप 'सक्ती'ला आहे. सक्ती झाली की रंगीत चित्रांची फाइल येते, बिल येतं, आणि कव्हर मीटर घेऊन फिरणाऱ्या पोराचा पगार त्यातून कापला जातो.

वागळे_लॅब
ऐरोलीकर, सरळ पैज. मी मिक्स बनवतो. तुम्ही क्लोराइड किती मिमी आत जाईल ते बंद पाकिटात द्या. ठोकळे ९० दिवस मिठाच्या पाण्याखाली ठेवून कापू. आणि आकडा मागाहून 'कॅलिब्रेट' करायचा नाही.

ऐरोलीकर
मान्य. फक्त जीजीबीएस किती टक्के, पाणी किती आणि सिमेंट कुठल्या बॅचचं, एवढं आधी कळवा.

वागळे_लॅब
पहिले दोन देतो. बॅच आरएमसीवाल्याला (तयार काँक्रीट पुरवणाऱ्याला) विचारा, आणि त्याने सांगितला तर मलाही कळवा.