'महिला जमात' चालेल का?

भाषांतरवाला: पुदुकोट्टईच्या दाऊद शरीफा खानम यांच्या कामावरचा मजकूर मराठीत आणतोय. तमिळनाडूत मशिदीची जमात, म्हणजे तिथलं पंचमंडळ, लग्न, तलाक, मेहेरचे (निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायच्या रकमेचे) तंटे ऐकते. बसणारे सगळे पुरुष, बाईची बाजूही तिच्या घरचा पुरुषच मांडणार. म्हणून बायकांनी स्वतःची जमात काढली. मी 'महिला जमात' लिहिलं. संपादकांचं म्हणणं, वाचकाला अनुसूचित जमात वाटेल, 'महिला मंडळ' करा.

कानामात्रा: मंडळ अजिबात नको. मंडळात हळदीकुंकू होतं, निवाडा होत नाही. पुरुषांच्या संस्थेचं नाव मुद्दाम उचललंय, तेच घालवणार?

देशीवादी: 'जमातवाद' लिहून लिहून आपणच तो शब्द नासवलाय. 'महिला न्यायपंचायत' करा.

कानामात्रा: पंचायत म्हटलं की जातपंचायत आठवते, आणि तिच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे. जमा, जमाव, जुम्मा मराठीत चालतात, मग जमातीनंच काय घोडं मारलंय?

कज्जेदलाल: जमातीचं काहीही करा, निकाह मोडण्याचा 'खुला' हा प्रकार कसा लिहिलाय ते आधी बघा. 'तिने घटस्फोट घेतला' लिहिलंत तर मुद्दाच गेला. खुला बायको मागते, आणि त्यात बहुधा मेहेर सोडते. नवऱ्याने तलाक दिला तर मेहेर त्याच्याकडून येणं राहतं. म्हणून बायकोला सोडायचं नवऱ्याच्या मनात असतं, पण कागद पुढे येतो खुलानाम्याचा. सही झाली की मेहेरवर पाणी. दोघांच्या राजीखुशीचा तो मुबारत. आणि दोन वर्षं पोटगी न देणं, चार वर्षं बेपत्ता असणं अशा कारणांवर १९३९ च्या कायद्याने बाई कोर्टातून निकाह रद्द करून घेते, तिथे नवऱ्याची मर्जी लागत नाही. चारही ठिकाणी 'घटस्फोट' लिहाल तर वाचणारी नको त्या कागदावर सही करून बसेल.

देशीवादी: सगळ्याला 'फारकत' पुरे. अस्सल मराठी.

कानामात्रा: कसली अस्सल? फारिग-खत, म्हणजे मोकळीक दिल्याचा कागद. काडीमोड म्हणा हवं तर.

देशीवादी: मला तर ते 'फुरकत', म्हणजे विरह, यावरून वाटतं.

कानामात्रा: मग जुन्या कागदांत 'फारखत' कर्ज फिटल्यावर का लिहून देतात? सावकाराचा विरह?

कज्जेदलाल: आणखी एक. दारुल कझाला (शरियतप्रमाणे तंटे सोडवणारं मंडळ) 'शरियत न्यायालय' लिहू नका. त्याच्या फतव्याला कायद्याचं बळ नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच सांगितलंय. 'न्यायालय' वाचून बाई अपील कुठे करायचं ते विचारत बसते, आणि पोटगीचा अर्ज मात्र राहून जातो.

भाषांतरवाला: बरं, मग जमातीचं काय ठरलं?

देशीवादी: आधी मला फारखतीचा एक तरी दाखला दाखवा. मोडीतला असला तरी चालेल.