आज्जी ‘गृहिणी’ नव्हती: तुमच्या घरातल्या अशा बाईबद्दल लिहा

औसा तालुका, लातूर

यंदाची येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा रानातला सण, आज्जीविना पहिलीच. कडब्याची कोप बांधली, पाच पांडव मांडले, आईनं भज्जी केली, सगळं रीतसर झालं, पण आंबील काही कुणाला जमली नाही बगा. आज्जी रात्रीच ज्वारीचं पीठ ताकात कालवून ठेवायची आणि पहाटे शिजवून माठात ओतायची. माठाला ओलं फडकं आणि त्यावर तिचा हात, कुणी झाकण उघडलं की ओरडायची. यावेळी माठ तोच होता पण चव नव्हती, वडील दोन घोट घेऊन उठून बांधावर जाऊन बसले.

तिचं खरं वय कुणालाच माहीत नाही. 1948 ला निजामाविरुद्ध पोलीस ॲक्शन झाली तवा ती सात-आठ वर्षांची, रझाकार आले म्हणून तिच्या आईनं तिला कणगीमागं लपवलेलं, तेवढ्यावरून आम्ही वय काढायचो. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून दरवर्षी पेरणीला चाड्यावर मूठ तिचीच. आजोबा तिफण हाकायचे आणि ही मागं मूठ सोडत चालायची, चालीत जरा चूक झाली तर पीक कुठं दाट कुठं विरळ होतं, आणि तिचं कधी झालं नाही. गावात कुणाचं बाळंतपण असलं, मयत असलं, शाळेच्या कार्यक्रमाचं जेवण असलं की पहिलं बोलावणं तिलाच.

तर ती गेल्यावर मृत्यूची नोंद करायला गेलो. व्यवसायाचा रकाना आला, समोरच्यानं मला न विचारताच लिहिलं, गृहिणी. मी गप बसलो. घरी आल्यावर लई वाईट वाटलं, अजून वाटतंय. एवढी वर्षं रानात राबलेली बाई, आणि मला तिथं शेतकरी म्हणायचंही सुचलं नाही. सातबाऱ्यावर तर नाव नव्हतंच. म्हणून म्हणलं आपणच लिहून ठेवू. तुमच्याही घरी अशी आज्जी, आई, सासू असेल तर लिहा, मोठं लिहा, छोटं लिहा, कसंही लिहा.

उमरगा तालुका, धाराशिव

माझ्या चुलतीबद्दल लिहिते. 30 सप्टेंबर 1993, आदल्या दिवशीच गणपती बोळवलेले, सगळे दमून झोपलेले आणि पहाटे चारच्या आत जमीन हलली. आमचं घर माळवदाचं, जाड दगड-मातीच्या भिंती, वर मातीचा थर. काकूला दुपारी बाहेर काढलं. तिची सासू आणि धाकटी पोरगी गेली. मी तेव्हा सहावीत होते, मला आठवतं की ती आठ दिवस बोललीच नाही, आणि नवव्या दिवशी उठून पत्र्याच्या शेडसमोर तीन दगडांची चूल मांडून लोकांसाठी भाकरी थापायला बसली.

नंतर घरं दुरुस्त आणि मजबूत करायचा सरकारी कार्यक्रम आला, त्यात गावोगावी बाया संवाद सहायक म्हणून नेमल्या, स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या प्रेमा गोपालन यांचं काम होतं ते. काकू चौथी शिकलेली. शिकून आली आणि गवंड्याच्या पाठीशी उभी राहायला लागली, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घातला का नाही, माळवदावरची माती कमी केली का नाही. गवंडी चिडायचे, म्हणायचे बाईला काय कळतं. ती म्हणायची, माझी लेक भिंतीखाली गेलीय बाबा, दगड घाल. मग कुणी काही बोलायचं नाही. त्या काळात तिनं शेतीही सोडली नाही बरं का, सकाळी खुरपण आणि दुपारी घरं मोजणं.

वसमत, हिंगोली

सासूबाई. हळदीच्या शिजवणीत धुरात उभ्या राहून डोळे लाल व्हायचे आणि त्याच लाल डोळ्यांनी रविवारी पोलिओचा डबा खांद्याला लावून निघायच्या. 1995 ला पल्स पोलिओ सुरू झालं तेव्हापासून, नेमणूक नव्हती की मानधन नव्हतं, नर्सबाईंना वस्त्या माहीत नव्हत्या म्हणून ह्या सोबत. आखाड्यावरची म्हणजे रानातल्या घरांवरची, वीटभट्टीवरची लेकरं त्यांना पाठ. एखादी आई लेकरू लपवायची तर ह्या आधी तिच्या घरचं पाणी पिऊन गप्पा मारत बसायच्या. 2011 नंतर देशात पोलिओचा रुग्ण सापडला नाही, ही बातमी मी त्यांना वाचून दाखवली तर म्हणाल्या, आपल्या वस्तीवर एकही राहिलं नव्हतं, मला माहीत होतं.

नांदेड

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती काढली होती, गावातल्या शंभर जणांनी बायकोच्या नावावर जमीन केली की ते गाव लक्ष्मीमुक्त. आमचं गाव काही झालं नाही पण आजोबांनी आज्जीच्या नावावर दोन एकर केलं, त्यावरून भाऊबंद दोन वर्षं बोलत नव्हते. सगळ्या शिवारात कापूस आणि सोयाबीन, आज्जीच्या दोन एकरात मात्र तूर, मूग, मटकी, तीळ, कडेला अंबाडी. बी राखेत घोळून गाडग्यात ठेवायची आणि तोंड शेणामातीनं लिंपायची. 2016 ला, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली होती त्या साली, आमच्याकडंही लोकांचं बियाणं खाण्यात गेलं होतं. मृगाआधी तिनं एकेक गाडगं फोडलं आणि पायलीनं वाटलं. वही नाही काही नाही. सुगीला बहुतेकांनी परत आणून दिलं, ज्यांनी नाही दिलं त्यांना तिनं विचारलं नाही.

बीड

मला जास्त लिहिता येत नाही. वडील कर्जापायी गेले. आईनं दीड एकर कोरडवाहू आणि आम्ही तिघं सांभाळलो. पहिल्या वर्षी बाजारात आडत्यानं तिला भाव सांगितला नाही, म्हणाला घरातला माणूस पाठव. आता गावात कुणाच्या घरी असं झालं की त्या बाईकडं पहिली माझी आई जाते, कागद कुठले लागतात ते सांगायला, आणि रात्री तिथंच झोपते. बस एवढंच.

मानवत, परभणी

सगळं आईला वाचून दाखवलं. ऐंशीच्या पुढं आहे, ऐकू कमी येतं, दोनदा वाचावं लागलं. उमरग्याच्या काकूंचं ऐकून गप झाली. मग मला म्हणली काय टाइप करायलीस, म्हणलं तुझंच लिहिते, बचत गटाचं, दारूचं दुकान बंद केलं त्याचं. तर म्हणली ते नको, ते समद्या बायांनी केलं. बहात्तरचं लिही. दुष्काळात आम्ही तळ्याच्या कामावर होतो, तू पोटात होतीस, सुकडी मिळायची ती अर्धी बांधून घरी आणायची सासऱ्यासाठी. खडी फोडून हाताला फोड आले की चिंधी बांधायची. आणि हे पण लिही म्हणली, त्या तळ्याची भिंत अजून जागची हलली नाही.