पाणी तापलं की तारली मासळी कुठे जाते?

बंदरवाला: आमच्याकडे रत्नागिरीला यंदा तारलीचं काय खरं नाय, एक दिवस टोपल्या भरून आणि मग आठवडाभर जाळं कोरडं. सगळे म्हणतात पाणी गरम झालंय. मग मोबाईलवर मासे कुठे मिळतील तो मेसेज येतो त्याचा उपयोग काय?

दर्या_८२: तो मेसेज हैदराबादच्या इन्कॉईसचा, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राचा. सॅटेलाईटवरून पाण्याचं टेम्परेचर आणि हिरवेपणा म्हणजे क्लोरोफिल बघतात, गार-गरम पाणी जिथे भिडतं तिथे खाणं जमतं आणि मागोमाग मासा. पण ढग आले की सॅटेलाईट आंधळा. आणि तो जागा सांगतो हो, सीझन कसा जाईल ते नाही!

सुरमई_फ्राय: केरळात बघा, २०१२ ला तारली जवळपास ४ लाख टन, २०२१ ला साडेतीन हजाराच्या आसपास. नुसतं टेम्परेचर नाही पण, पावसाळ्यात खालचं गार पाणी वर येतं त्यावर पिल्लांचं पोट, ते बिनसलं आणि वर बारकी पिल्लं पण ओढली की संपलंच.

बंदरवाला: बारक्याचं खरंय, आमच्याच धक्क्यावर बोटभर तारली फिशमीलच्या, म्हणजे माशांची भुकटी करणाऱ्यांच्या ट्रकात जाते.