'नामनिर्देशित' म्हणजे उभा राहणारा की नेमलेला?

मसुदाकार: एका महासंघाच्या नियमावलीचा मराठी मसुदा करतोय. यात सभासद म्हणजे माणसं नाहीत, संस्था आहेत. मूळ इंग्रजीत 'नॉमिनेट' दोन कलमांत येतं. एकात प्रत्येक संस्थेने अध्यक्षपदासाठी एक नाव द्यायचं आणि मग मतदान. दुसऱ्यात कार्यकारिणीने दोन जण आपल्यात घ्यायचे, मतदान नाही. शासकीय परिभाषा धरली तर दोन्हीकडे 'नामनिर्देशित'. एका ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांनी वाचून विचारलं, "म्हणजे संस्थेने नाव दिलं की माणूस अध्यक्ष झाला?" काय लिहावं?

टिपणवही: त्यांची शंका रास्त आहे. 'नामनिर्देशनपत्र' भरणाऱ्याला अजून निवडून यायचं असतं आणि राज्यसभेतले 12 'नामनिर्देशित' सदस्य थेट सभागृहात बसतात. एकच शब्द दोन टोकांना! रोजच्या बोलण्यात लोकांनी यातून केव्हाच वाट काढली आहे. पहिल्याला 'उमेदवारी अर्ज' म्हणतात, दुसऱ्याला 'राष्ट्रपतिनियुक्त' किंवा 'राज्यपालनियुक्त'. तुम्ही पहिल्या कलमात 'उमेदवार सुचवणे' आणि दुसऱ्यात 'नियुक्त' करा.

शब्दवेडी: 'नियुक्त'ला माझा विरोध. नेमणारा वरचा असतो. इथे कार्यकारिणीच आपल्या पंगतीला दोघांना बसवून घेते आहे. त्याला महापालिकेत रुळलेला शब्द आहे, 'स्वीकृत सदस्य'. कोणी कोणाला स्वीकारलं, हे त्या शब्दातच आहे.

टिपणवही: पटलं. 'स्वीकृत'च घ्या.

माजी चिटणीस: पण 'सुचवणे' फार मोघम आहे. सभेत कोणीही उठून नाव सुचवतं. 'सूचक' आणि 'अनुमोदक' हे पक्के शब्द असताना ते का सोडायचे? मात्र अर्जावर सूचकाची सही लागते आणि संस्था सही करत नाही, ती ठराव करते. आमच्या एका निवडणुकीत संस्थेच्या अध्यक्षांनी एका नावावर सही केली होती, सचिवांनी दुसऱ्याच. दोन्ही अर्ज त्याच संस्थेचे! छाननीत निम्मी रात्र गेली. म्हणून 'संस्थेने कार्यकारिणीच्या ठरावाने एकच नाव सुचवावे आणि ठरावाची प्रत अर्जाला जोडावी' एवढं स्पष्ट लिहा. अनुमोदक हवा की नको, हेही लिहा. राष्ट्रपतिपदाला 50 सूचक आणि 50 अनुमोदक लागतात. लोकसभेच्या अर्जाला अनुमोदक लागतच नाही.

शुद्धमती: 'प्रस्तावक' का नको? 'सूचक' म्हटलं की 'सूचक मौन' आठवतं.

माजी चिटणीस: 'प्रस्तावक' हिंदीतून येतोय. मराठी सभांच्या इतिवृत्तांत 'सूचक' पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिथे कोणाला मौन आठवत नाही.

शुद्धमती: हिंदीतून? 'प्रस्ताव' संस्कृत आहे. मग 'बिनविरोध' बरा चालतो तुम्हाला! शाळेच्या व्याकरणात 'बिन' फारसी-अरबी उपसर्गांत दिला आहे, 'बे' आणि 'गैर'च्या शेजारी. फारसी मुंडकं आणि संस्कृत धड. त्यापेक्षा 'अविरोध' लिहा.

शब्दवेडी: 'बिन' हा 'विना'चाच झिजलेला अवतार आहे, असं मला ठामपणे वाटतं. 'बिनचूक'मध्ये फारसी काय आहे?

वऱ्हाडकर: आमच्याकडच्या बातम्यांत 'अविरोध निवड' सर्रास असतं. त्यात शुद्धीचा सोस नाही, तसंच बोलतात.

टिपणवही: एकच अर्ज उरला तर निवडणूक झालीच नाही, मग 'निवडून आले' कसं म्हणायचं? मला 'निवड' आणि 'निवडणूक' यांत फरक ठेवावासा वाटतो. मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी पूर्वी निवडणूक व्हायची. 2018मध्ये संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाने आपली घटना बदलली आणि 2019च्या यवतमाळच्या संमेलनाला अरुणा ढेरे निवडणुकीशिवाय अध्यक्ष झाल्या. तेव्हा सगळ्यांनी नेमका 'निवड' हाच शब्द वापरला.

मसुदाकार: महामंडळावरून आठवलं. तिथे 'घटक संस्था', 'संलग्न संस्था' म्हणतात. आमच्या मसुद्यात 'सभासद संस्था' आहे. संस्था सभासद कशी होईल, असा आक्षेप आलाय.

शुद्धमती: रास्त आक्षेप. सभासद म्हणजे सभेत बसणारा. 'सदस्य' करा.

शब्दवेडी: 'सदस्य'ही त्याच 'सद्' धातूचा, तोही बसणाराच! संस्था बसत नाही, तिचा प्रतिनिधी बसतो. खरा प्रश्न तिथे आहे. अध्यक्ष झालेल्या प्रतिनिधीला त्याच्या संस्थेने मध्येच परत बोलावलं तर अध्यक्षपद जातं की राहतं?

मसुदाकार: मसुद्यात त्याचं कलमच नाही.

माजी चिटणीस: मग शब्द नंतर ठरवा, आधी ते घाला. आणि पद जाणार असेल तर 'राजीनामा दिला असे मानण्यात येईल' असं लिहू नका. त्याने राजीनामा दिलेलाच नसतो. 'पद रिक्त होईल' लिहा.

शुद्धमती: 'राजीनामा' हाही फारसीच.

वऱ्हाडकर: आणि तुमच्या 'त्यागपत्रा'ला हिंदी म्हणायचं नाही का?