मदत हवी आहे: रक्तपेशींची गोधडी, लाल रंग पसरतोय

नमस्कार मंडळी. मी बर्मिंगहॅमला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. स्थलांतरितांवरून इथे सध्या फार कडवट बोललं जातंय, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची स्लाइड दिसते तशी गोधडी शिवतेय.

याच शहरात २० एप्रिल १९६८ रोजी ब्रिटिश खासदार इनॉक पॉवेल यांनी स्थलांतराविरुद्ध भाषण केलं. ते 'रक्ताच्या नद्या' म्हणूनच ओळखलं जातं. हेच गृहस्थ १९६० ते १९६३ आरोग्यमंत्री होते, आणि तेव्हा भारतातून आलेले कितीतरी डॉक्टर इथल्या रुग्णालयांत राबत होते! मी रोज स्लाइड बघते. मध्ये फिकट अशा गोल तांबड्या पेशी, अधूनमधून जांभळ्या तुकड्या-तुकड्यांच्या केंद्रकाची एखादी पांढरी पेशी. माणूस कुठला, ते त्यावरून कळत नाही.

तांबड्या पेशी आईच्या जुन्या सुती लुगड्याच्या आहेत, खाली पांढरं मांजरपाट. नमुन्याचा तुकडा धुतला तर लाल रंग सगळीकडे पसरला. मिठाच्या पाण्यात भिजवूनही उपयोग नाही. लुगडं एकच आहे हो, वाया घालवायचं नाही.

रंग पक्का कसा करू? आणि धावदोरा पेशींच्या कडेने गोल घालू की गोधडीसारखा सरळ? शिवणाऱ्यांनी कृपया सांगा.