हातच्याची वजाबाकी मुलाची तयारी पाहून शिकवावी की वेळापत्रक पाहून?

धागाकर्ती (इयत्ता दुसरीची शिक्षिका):
४२ वजा १७ हे उदाहरण फळ्यावर मांडले की वर्गातील बरीच मुले ३५ असे उत्तर लिहितात. एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून ती बिनदिक्कत ७ मधून २ काढतात. याच मुलांपैकी काही जण ‘एकशे पाच’ अंकांत लिहायला सांगितले की १००५ लिहितात. आधी शंभर, मग शेजारी पाच. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या मांडणीत साधारण सातव्या वर्षापासून मूर्त क्रियात्मक अवस्था (प्रत्यक्ष वस्तूंच्या आधारे तर्क करण्याची अवस्था) सुरू होते आणि वस्तूंची मांडणी बदलली तरी त्यांची संख्या तीच राहते, हे मुलाला पटू लागते. हातचा घेणे म्हणजे तरी दुसरे काय? चार दशक दोन एकक यांचे तीन दशक बारा एकक केले तरी ते बेचाळीसच आहेत, हे ज्याच्या मनात ठरलेले नाही, त्याला रीत शिकवून मी फक्त घोकंपट्टी करून घेत आहे. त्यामुळे अशा मुलांसाठी हा घटक पुढे ढकलावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद १ (गणिताचे शिक्षक):
ताई, तीव्र असहमती. ३५ हे उत्तर चौथी-पाचवीतली मुलेही लिहितात. त्यांची सात वर्षे कधीच उलटलेली असतात. शिवाय पियाजे यांच्या निष्कर्षांना १९७० च्या दशकातच मोठे आव्हान मिळाले होते. मानसशास्त्रज्ञ मार्गारेट डोनाल्डसन आणि जेम्स मॅकगॅरिगल यांच्या प्रयोगात सोंगट्यांची ओळ प्रयोगकर्त्याने न विस्कटता एका खोडकर अस्वलाच्या बाहुलीने ‘चुकून’ विस्कटली, तेव्हा चार ते सहा वर्षांच्या कितीतरी अधिक मुलांनी संख्या तेवढीच असल्याचे सांगितले. मोठ्या माणसाने मुद्दाम ओळ हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारला की मुलाला वाटते, आपले पहिले उत्तर चुकले असावे. तेव्हा मूल ‘तयार नाही’ असे म्हणण्यापूर्वी आपला प्रश्न कसा होता, हे आधी पाहावे. ‘अवस्था आलेली नाही’ हे वाक्य न शिकवण्याची फार सोयीची सबब होते.

प्रतिसाद २ (एक पालक):
सर, सबब होते हे मान्य. पण घाईची किंमत घरी आम्ही मोजतो. माझ्या मुलीला रीत तोंडपाठ आहे, पण वरचा ४ खोडून ३ का केला, असे विचारले की ती म्हणते, “बाईंनी सांगितलंय.”

प्रतिसाद ३ (निवृत्त मुख्याध्यापिका):
दोन्ही बाजू अवस्थेकडे दिव्याच्या बटणासारखे पाहत आहेत, एवढीच माझी तक्रार. स्वतः पियाजे यांनाही असे आढळले होते की संख्येची अक्षय्यता, म्हणजे मांडणी बदलली तरी ती तेवढीच राहते ही समज, साधारण सहा-सातव्या वर्षी, तर वजनाची नवव्या वर्षाच्या आसपास समजते आणि घनफळाची त्याहूनही उशिरा. म्हणजे एकच मूल संख्येच्या बाबतीत पुढे आणि वजनाच्या बाबतीत मागे असू शकते. त्याच्या वयावरून हातच्याविषयी काहीच ठरत नाही. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ वायगोत्स्की यांनी विचारलेला प्रश्न मला वर्गात अधिक उपयोगी पडला: हे मूल एकटे काय करते, आणि थोड्या मदतीने काय करते? ज्या मुलाला काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवल्यावर उदाहरण जमते, त्याला थांबवणे हा अन्याय आहे.

प्रतिसाद १ (पुन्हा):
मुख्याध्यापिकाबाईंशी सहमत. मात्र मदत म्हणजे आपण गठ्ठा सोडायचा आणि मुलाने नुसते पाहायचे, असे होऊ नये.

धागाकर्ती:
वयाचा आग्रह मी मागे घेते. सरांचा बाहुलीचा मुद्दा मला अडचणीत टाकणारा आहे. पण थांबण्याचा आग्रह सोडत नाही. काल मी प्रत्येक मुलाला दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दिल्या, एक गठ्ठा त्यालाच सोडायला लावला आणि विचारले, “आता सगळ्या मिळून किती?” काहींनी मान वर न करता “बेचाळीसच की” म्हटले. काहींनी मात्र सगळ्या काड्या एकपासून पुन्हा मोजायला घेतल्या, आणि एकाचे उत्तर त्रेचाळीस आले, तेही त्याने निमूटपणे स्वीकारले. पहिल्या गटाला उद्यापासून वहीत उभी मांडणी करायला देते. दुसऱ्या गटाच्या हातात मात्र आणखी दोन आठवडे काड्याच राहतील, मग अभ्यासक्रमाचा तक्ता काहीही म्हणो.